पश्चिमेच्या भिंतीला चुनाच

मी, हितेंद्र भिवा तांबे, वय वर्षे तेवीस, धंदा गिलाव्याचे काम, राहणार डिलाईल रोड, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे आणि लिहिताना माझे डोके ठिकाणावर आहे. ते लवकर तापते हे मला ओळखणारा कोणीही सांगेल. पण तापलेले डोके वेगळे आणि बिघडलेले वेगळे. मला कोणी दमदाटी केलेली नाही, कोणी काही पाजलेले नाही. उलट आई सकाळपासून "असलं अभद्र लिहू नको रे" म्हणत भांडी आपटते आहे.

कारण असे की, सोमवारी मी फणसवाडीतल्या चाळीच्या पश्चिमेच्या भिंतीवर परांची बांधून चढणार आहे. तीन मजले. मला काही झाले तर काम पुन्हा ठेकेदार भोगले यांच्याकडे जाईल आणि ते त्या भिंतीला परत सिमेंट थापतील. तसे होऊ नये, एवढ्यासाठी हा कागद.

१. घर. डिलाईल रोडची खोली आईच्या, श्रीमती मीनाक्षी भिवा तांबे यांच्या नावावर आहे, तेव्हा ती मी कोणाला देऊ शकत नाही. बँकेत असेल ते आईचे. त्यातून तिने गुडघ्यांचे ऑपरेशन करावे. माझा फोटो मोठा करून लावू नये. माझे सगळे फोटो बेकार येतात.

२. हत्यारे. थापी, रंधा, ओळंबा, गुण्या आणि दोन्ही घमेली माझा मित्र व जोडीदार मयूर मोहिते याला. कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. दुसऱ्या वर्षाला सर भर वर्गात मला म्हणाले, "तुमच्यासारखे शेवटी घमेलीच उचलतात." मी वही मिटली, उठलो आणि खरोखरच घमेले उचलायला गेलो. त्याचा पश्चात्ताप मला नाही, म्हणून तो कोणाला ठेवलेलाही नाही. मयूर तेव्हा हसला होता. वर्षभराने तोच येऊन म्हणाला, "भावा, तुझ्याकडे काम आहे का?" मयूर, हत्यारे रोज धुवायची. तुझ्या हाताखाली थापीला माल सुकलेला दिसला तर मी असेन तिथून शिव्या देईन.

३. सेफ्टी बेल्ट. दत्ताराम मिस्त्री यांनी दिलेला, खिळ्याला टांगलेला, कोरा. बेल्टने हात अडकतो, म्हणून मी वापरत नाही. तो मामांना परत द्यावा. मामा म्हणजे सख्खे नव्हेत, खालच्या मजल्यावरचे मालवणचे दत्ताराममामा. हा धंदा मी त्यांच्याकडे शिकलो. पहिल्या दिवशी त्यांनी वाळू हातावर ठेवली आणि म्हणाले, "झिला, जिभेक लाय बघूया. खारट लागली तर गाडी परत धाड." खाडीची वाळू भिंतीत गेली की मीठ बाहेर येते आणि गिलावा पापडासारखा सुटतो. तेव्हापासून मी आणलेली प्रत्येक गाडी चाखून घेतली आहे. परळला भोगलेंच्या कामावर मामा परांचीवरून पडले, तेव्हा तिथे बेल्ट नव्हता आणि भोगले भेटायलासुद्धा आले नाहीत. मामा आता काठी घेऊन चालतात. ही गोष्ट मी विसरलेलो नाही, आणि ती विसरणाऱ्याला या कागदातून काही मिळणार नाही.

४. चुना. माझी खरी इस्टेट हीच. फणसवाडीच्या मागच्या चौकात झाकून ठेवलेली निळी पिंपं माझी आहेत. त्यात कळीचा चुना पाण्यात विरवून गेल्या दिवाळीपासून मुरत ठेवला आहे. तो जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. वर पाण्याचा थर कायम राहिला पाहिजे. सुकला की संपला. आई म्हणते, "लोक लग्नासाठी दागिने करतात, माझ्या पोराने चुना भिजवला." बरोबर म्हणते. हा सगळा चुना मी त्या भिंतीला ठेवत आहे, दुसऱ्या कोणालाही नाही. भिंत माझ्या मालकीची नाही हे मला कळते. चुना माझा आहे.

५. भिंतीचे कारण. ती चाळ विटांची आणि चुन्याची आहे. भिंत पाणी पिते आणि उन्हात सोडून देते, असाच तिचा स्वभाव आहे. चाळीतल्या लोकांना वाटले सिमेंट मजबूत, म्हणून दरवर्षी मेमध्ये सिमेंट लावले. आत शिरलेले पाणी आतच कोंडले. दरवर्षी श्रावणात फुगे आले, आणि मागे एकदा फुगा सुटून केळुसकरांच्या खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीवर पडला. कुंडीच्या जागी आकांक्षा असती तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आकांक्षा ही चाळीचे सेक्रेटरी श्री. श्रीधर केळुसकर यांची मुलगी. माझे तिच्यावर प्रेम आहे. हे अख्ख्या फणसवाडीला माहीत आहे, तेव्हा इथे लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये मी उभा राहून ओरडलो, "भिंत आतून कुजतेय, आणि तुम्ही वरून पावडर लावताय!"

केळुसकर काका म्हणाले, "आवाज खाली. एवढा जोर कॉलेजात लावला असतास तर आज खुर्चीवर बसला असतास."

मी म्हणालो, "खुर्चीवर बसून भिंत सुकत नाही, काका."

सगळे माझ्यावर तुटून पडणार, एवढ्यात मागून आकांक्षा म्हणाली, "बाबा, आमच्या खिडकीशेजारी त्याला एक पट्टा करू दे. फुगला तर मीच खरवडून काढीन."

तो पट्टा मी गेल्या उन्हाळ्यात केला. चुना, धुतलेली वाळू आणि विटांची भुकटी. ओले गोणपाट लावून सावलीत ठेवला. खिडकीत अंधार होतो म्हणून शेजारच्यांनी गोणपाट ओढून काढले की आकांक्षा ते परत लावायची. पावसाळ्यात बाकीची भिंत फुगली, पट्टा कोरडा राहिला. म्हणून या वर्षी अख्खी भिंत माझ्याकडे आली. काकांनी एवढेच म्हटले, "एक पावसाळा काढू दे भिंतीला. मग आईला घेऊन घरी ये." आमची दोन आडनावे एका पत्रिकेत कशी छापायची, हे त्यांनी अजून मोठ्याने विचारलेले नाही. विचारले तर उत्तर तयार आहे.

६. रंग. ही अट सर्वांत महत्त्वाची. गणपतीच्या आधी चाळ रंगवायची पद्धत आहे, ठीक आहे. पण या भिंतीला ऑईल पेंट लावायचा नाही. भिंतीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधल्यासारखे होईल. चुन्याचा रंग लावा, हवा तर पिवळा. गेल्या वर्षी मंडळाची पोरे डबा घेऊन आली तेव्हा आकांक्षा पट्ट्यासमोर उभी राहिली होती. दरवर्षी तिला उभे राहावे लागू नये.

७. मी नसलो तर भिंत मयूरने पूर्ण करावी. मामांनी खाली खुर्ची टाकून बसावे आणि वाळू चाखावी. भोगलेंनी त्या चौकात पाऊल ठेवू नये.

८. अंत्यविधी आमच्या पद्धतीने. त्रिसरण, पंचशील, बस्स. भाषणे नकोत, विशेषतः मयूरचे.

९. आकांक्षा. तिच्या नावे मी थापीपासून चुन्यापर्यंत सगळे लिहिले होते. ज्या वकिलीणबाईंना कागद दाखवला त्या म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याची साक्ष घेऊ नका, पुढे भानगड होते. आकांक्षा शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "मग माझं नाव खोड. मला वारस नाही व्हायचं, मी साक्षीदार होणार. आणि माझी सही फुकट मिळणार नाही, सोमवारी परांचीखाली ये." म्हणून या कागदाने आकांक्षाला काहीही मिळत नाही. तिला जे द्यायचे आहे ते मी खाली उतरून देईन.

हे सर्व मी वाचून, समजून, कोणाचेही न ऐकता लिहिले आहे.

सही: हितेंद्र भिवा तांबे
स्थळ: फणसवाडी, गिरगाव. परांचीखाली.
सोमवार, दि. १४ एप्रिल २०२५

साक्षीदार १: श्रीधर केळुसकर
(साक्ष फक्त सहीची. मजकूर मला सगळाच पटला आहे असे नाही. ऑईल पेंट लागणार नाही.)

साक्षीदार २: आकांक्षा श्रीधर केळुसकर
(कलम ३ मध्ये दुरुस्ती. बेल्ट आता कोरा नाही. त्याच्या कमरेला बांधलेला आहे, बकल मी स्वतः ओढून पाहिले, आणि मगच सही केली.)