एक निळा, एक मरून पासपोर्ट

१२ फेब्रुवारी
आज दुपारी सव्वातीन वाजता पुन्हा फिलिपिनो झालो. इलोइलोच्या इमिग्रेशन ऑफिसात पंखा बंद, झेरॉक्सवाल्याचा कागद संपलेला, आणि रांगेत माझ्यापुढे एक बाई सुक्या मासळीची पिशवी घेऊन. शिसारी आली. पण शपथ घेताना चाळीस जणांत माझाच आवाज खणखणीत होता. अमेरिकेचा निळा पासपोर्ट तेव्हा शर्टाच्या खिशात होता. आता इथला मरूनही मिळेल. माणसाला डोळे दोन, कान दोन, मग देशच एक का?
हे पर्लिताला ऐकवलं. म्हणाली, नाक एकच असतं. बायकोला राजकारण कळत नाही.

१३ फेब्रुवारी, सकाळी सहा
कोंबड्यांनी चारपासून झोपू दिलं नाही. तीस वर्षं कॅलिफोर्नियात, स्टॉकटनला काढली, तिथे एक कोंबडा ऐकला नाही. शेजारी काल कराओके लावून तेच रडकं गाणं अकरा वेळा म्हणाला. गटार तुंबलंय. बास्केटबॉलच्या कोर्टवर कुत्री आणि वाळत घातलेलं भात. रस्ता माझ्या घराच्या तीस पावलं आधी संपतो. आणि बसथांब्याच्या शेडवर, कचऱ्याच्या पिंपांवर, प्रसूतिगृहाच्या दारावरसुद्धा रंगवलंय: कॅप्टन नोनॉय गेलेरा यांच्या प्रयत्नाने. कसला प्रयत्न?
ठरलं. ऑक्टोबरच्या निवडणुकीत या बारांगायचा, म्हणजे या गावाचा, कॅप्टन मी. वेन्सेस्लाओ गुंबान. परदेशात राहून आलेला माणूस खुर्चीवर बसल्याशिवाय या गावाचं काही खरं नाही.

२ मार्च
अटर्नी गासाताया यांना भेटलो. ऑफिस कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानावर. सगळ्या कायद्याला कोंड्याचा वास.
म्हणाले, सर, दोन नागरिकत्वं खुशाल ठेवा, मतही द्या. पण निवडून यायचं असेल तर दुसरं सोडल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागेल. मी म्हणालो, विचार करतो. पर्लिता जिन्यातच म्हणाली, यात विचार कसला, दोन्ही डगरींवर हात ठेवून खुर्चीत बसता येत नाही.
घरी येऊन विचार केला. घाम आला म्हणून थांबवला.

२६ ऑगस्ट
प्रतिज्ञापत्रावर सही केली. निळ्या देशाशी संबंध संपला. म्हणजे इथल्या कागदावर. अटर्नींनीच सांगितलं की तिकडचं खरोखर सोडायचं तर त्यांच्या वकिलातीत जाऊन सोडावं लागतं. तिकडे कशाला जाऊ? पेन्शन येते आहे, येऊ दे. याला दूरदृष्टी म्हणतात.
अटर्नींनी तीन वेळा बजावलं, सर, आता तो निळा पासपोर्ट वापरायचा नाही. एकदा वापरलात की ही सही पाण्यात. मी म्हणालो, मी काय लहान मूल आहे?
पासपोर्ट तांदळाच्या पिंपात, तळाशी खुपसला.

२७ ऑगस्ट
पर्लिताने तांदूळ मोजताना बाहेर काढला. विचारते, हा शिजायला किती वेळ लागतो.

२ सप्टेंबर
अर्ज भरला. मिरवणुकीला दोन ट्रायसिकली ठरवल्या होत्या, एकीचं चाक पंक्चर. नोनॉय तिथेच होता. पुढे येऊन, इथे वडीलधाऱ्यांना मान देतात तसा माझा हात स्वतःच्या कपाळाला लावला, म्हणाला, मानोंग, तुमच्यासारख्या थोरल्या भावानं उभं राहावं हे आमचं भाग्य. इतका तुपकट माणूस मी पाहिला नाही.
संकल्प: रोज वीस घरं. मधुर बोलणे. कराओकेबद्दल निवडणूक होईपर्यंत गप्प.

५ सप्टेंबर
चार घरं झाली. तीन ठिकाणी कोमट कॉफी, एका ठिकाणी कुत्रं चावायला आलं. सगळे एकच विचारतात, तिकडे काय काम होतं. मी सांगतो, मेडिकल ॲडमिनिस्ट्रेशन. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची म्हणजे ॲडमिनिस्ट्रेशनच. वेळापत्रक असतं.

९ सप्टेंबर
पोस्टरसाठी फोटो काढला. वरची कवळी हसताना खाली येते. मिटल्या तोंडाने काढला तर जावयावर रागावलेला सासरा दिसतो. असल्या तोंडाला मत कोण देईल?
पर्लिता म्हणाली, नवी कवळी इलोइलोत करून घे. तिथला दाताचा डॉक्टर आणि ब्यूटी पार्लर एकाच खोलीत आहेत. मध्ये पडदा. माझ्या तोंडात तिथली कात्री जायला नको. स्टॉकटनला माझा विमा आहे, तीन वर्षं फुकट भरला. पंधरा दिवसांत जाऊन येतो.
अटर्नींना कळवलं नाही. वकिलाला आणि डॉक्टरला सगळं सांगू नये.

१२ सप्टेंबर, मनिला विमानतळ
इथून निघताना मरून दाखवला. शब्दाला जागलो. तिकडे उतरल्यावर निळा दाखवावाच लागेल, पण तिकडचं इकडे कोण बघतंय.

२८ सप्टेंबर, मनिला विमानतळ
आलो. घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी वाकडं सांगितलं तर उपयोगी पडेल.
आमच्या आधी दुबई आणि रियाधची विमानं उतरली होती. फिलिपिनोंची रांग जिन्यापर्यंत. सगळ्यांच्या हातात भात शिजवायची भांडी आणि ब्लँकेटं, पोरं रडतायत, माझ्या पुढचा माणूस उभ्याउभ्या चिकट खजूर खातोय. पाऊण तासात अकरा पावलं सरकलो. नवी कवळी ठणकत होती. लघवीला लागली होती, आणि चौदा तास विमानात बसलेल्या सहासष्ट वर्षांच्या माणसाला ती सांगून लागत नाही.
परदेशी लोकांच्या रांगेत चार जण. वर एसी.
मी गेलो. निळा पुढे केला. काउंटरवरची पोरगी गोड हसली, वेलकम होम सर म्हणाली आणि शिक्का मारला: बालिकबायन, एक वर्ष. म्हणजे घरी परतलेल्या परदेशी पाहुण्याला एक वर्ष राहायची परवानगी. माझ्याच देशात. हसू आलं, पण हसायला वेळ नव्हता.
शाई पुसट आहे. महिन्याभरात उडेल.

४ ऑक्टोबर
नोनॉयच्या आईची पंच्याहत्तरी. उमेदवाराने जावं लागतं. जेवण बेताचं, माशा भरपूर. मी स्टॉकटनहून आणलेली चॉकलेटं वाटली. लोकांनी हातातून ओढून घेतली, थँक्यू एकाने म्हटलं नाही. पण माझ्याभोवती गर्दी जमली. प्रवास कसा झाला विचारत होते. गावकऱ्यांना प्रगत देशातली शिस्त कळावी म्हणून विमानतळाचा किस्सा सांगितला. मूर्खांनी रांगेत तासन्‌तास उभं राहावं, माझं काम दोन मिनिटांत. पासपोर्ट दाखवला, शिक्काही दाखवला. सगळे गार.
नोनॉय लेचोनची, म्हणजे अख्ख्या भाजलेल्या डुकराची, कुरकुरीत कातडी घेऊन स्वतः आला. म्हणाला, मानोंग, जरा धरा बरं असा, भाच्याला दाखवायला फोटो काढतो. मी धरला. बिचाऱ्याची जळली असणार. त्याने आयुष्यात हाँगकाँगसुद्धा पाहिलं नाही.
कातडी चावता आली नाही.

१२ ऑक्टोबर
निवडणूक आयोगाचं पाकीट आलं. माझ्याविरुद्ध तक्रार. सोबत रंगीत फोटो. शिक्का इतका स्पष्ट की तारीख वाचता येते, आणि शेजारी माझा अंगठा.
अटर्नींकडे धावलो. त्यांना ओरडता आलं असतं. ओरडले नाहीत. चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, सर, निदान फोटो तरी काढू द्यायचा नव्हता.
मी बाजू मांडली, की मी गेलो नाही, मूत्राशय गेलं, आणि मूत्राशयाला नागरिकत्व नसतं. अटर्नी म्हणाले, हे लेखी नको देऊया.
नोनॉय रस्त्यात भेटला तर बोलायचं नाही, असा संकल्प. भेटला. त्याने पुन्हा माझा हात कपाळाला लावला, म्हणाला, मानोंग, राग मानू नका, कायदा आहे. किळस येते या माणसाची.

२४ ऑक्टोबर
निकाल आला. अपात्र. माझ्या नावावर पडलेली मतं बाद धरणार.
हरकत नाही. चिठ्ठीवर नाव लोकांनी हातानेच लिहायचं असतं. दोनशे लोकांनी माझं नाव लिहिलं तर सरकार काय करील? नैतिक विजय. पर्लिताच्या माहेरचीच चौदा मतं आहेत.

३० ऑक्टोबर, संध्याकाळी
शाळेत मोजणी. खिडकीत उभा राहिलो. बाई एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचत होत्या. गेलेरा. गेलेरा. गेलेरा. गुंबान, बाद. गेलेरा. फळ्यावर नोनॉयच्या रेघा मावेनात. माझं नाव त्यांनी तीनदा वाचलं, तिन्ही वेळा बाद. पोरं बाद म्हटलं की टाळ्या वाजवत होती. शिक्षणाची ही दशा.
एक मत माझं. दुसरं पर्लिताचं. तिसरा कोण सज्जन, शोधून काढलं पाहिजे.

३० ऑक्टोबर, जेवणानंतर
पर्लिताला विचारलं. ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, मी नोनॉयला दिलं. तुझं बादच होणार होतं, मग वाया कशाला घालवू. आणि आपल्या दारातलं गटार कुणीतरी काढायला हवं ना?
म्हणजे दोन सज्जन शोधायचे.

३१ ऑक्टोबर
शोधले नाहीत. अंगात कणकण.

८ नोव्हेंबर
ज्येष्ठ नागरिकांचं कार्ड काढायचं आहे. औषधावर सूट मिळते. ते फक्त फिलिपिनोंना, आणि त्याला बारांगाय कॅप्टनचा दाखला लागतो. आठ दिवस टाळलं. औषध संपलं.
गेलो. बाकावर सहा जण होते. म्हटलं, आता नोनॉय नागरिकत्वाच्या रकान्यापाशी थांबणार आणि सगळ्यांदेखत विचारणार. उत्तर पाठ केलं होतं, दोन कलमांसकट. दोन्ही पासपोर्ट पिशवीत होते.
नोनॉय थांबलाच नाही. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, फिलिपिनो लिहिलं, सही ठोकली. मीच विचारलं, कागद दाखवू का? म्हणाला, कशाला, मानोंग? तुम्हाला काय मी ओळखत नाही? तुमच्या वडिलांनी मला पोहायला शिकवलं. खुर्चीसाठी कायदा आहे, ती गोष्ट वेगळी. तुम्ही इथलेच की.
बाकावरचे सहाही जण माना हलवत होते. इतका अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता.
घरी येताना डोळ्यांतून पाणी थांबेना. रस्त्याच्या कडेला कुणीतरी पालापाचोळा जाळत होतं. यावर बारांगायने बंदी घालायला हवी.