वैशालीचं थांबणं

मंगळवार, संध्याकाळ

शिक्षक कसा घडवावा, याची तत्त्वं विद्यापीठासाठी लिहायला बसलेय, पण मन पवनारच्या शाळेतच आहे. आज तिथं माझी बी.एड.ची विद्यार्थिनी वैशाली पाठ घेत होती. तिनं मागच्या बाकावरच्या एका मुलीला विचारलं, "धाम नदी कुठे जाते?" मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. वैशाली थांबली. किती थांबली! मी तिच्या निरीक्षणवहीत लिहूनही टाकलं: वेळ वाया गेला.

मग ती मुलगी हळूच म्हणाली, "नदी तं इथंच राह्यते, मॅडम. पानी जाते."

वर्गातून पाणी वाहत गेल्यासारखं वाटलं. अजून वाटतंय.

तो शेरा मी का खोडला नाही? वैशालीनं वाचून खाली सही केली. म्हणाली, "पुढच्या पाठाले मी नाई थांबणार, मॅडम."