दरवेळी एकच सामना कोण पाडतंय?

शुक्रवार, १३ सप्टेंबर
उद्याची चिठ्ठी तयार. नऊ सामने, नऊही खात्रीचे. भाव एकमेकांना गुणले जातात, म्हणून दोनशे शिलिंगांचे दीड लाख. नऊही लागले पाहिजेत, एवढीच अट. एकेक सामना खात्रीचा, तर नऊ मिळून नऊपट खात्री. साधं गणित. अख्ख्या होमा बे गावात कुणाला कळत नाही.

फोनवरून लावत नाही. फोन कंपन्या माहिती विकतात. बेटिंगच्या दुकानात स्वतः जात नाही. समोरच आमच्या चर्चचे एल्डर ओगुटू यांचं हार्डवेअरचं दुकान, आणि डिसेंबरात चर्चच्या निवडीत मला डीकन, म्हणजे सेवक-पदाधिकारी, व्हायचंय. आम्ही शनिवार देवाचा म्हणून पाळणारी माणसं, जुगार वर्ज्य. बायको अपोंडी दुसऱ्या चर्चची. तिच्या हातून लावलं तर चालतं.

पावती घरात आणू नकोस, मासळीच्या टोपलीखाली ठेव, हरली की फाड, असं तिला बजावलंय.

रविवार, १५ सप्टेंबर
आठ लागले, नववा शेवटच्या मिनिटाला पडला. गेल्या आठवड्यातही एकच पडला होता. (दोन. पण दुसरा पावसामुळे.) दरवेळी एकच कसा? बेटिंगच्या काउंटरवाल्यावर संशय. माझी चिठ्ठी तो वर कळवत असणार.

शुक्रवार, २० सप्टेंबर
अपोंडी म्हणाली, माझी नऊ पक्की गिऱ्हाईकं आहेत, पण नऊच्या नऊ एकाच दिवशी आलेली मला आठवत नाहीत. मी म्हटलं, मासळी वेगळी, फुटबॉल वेगळा. ती म्हणाली, बरं, पैसे आणा इकडे.

शिलाई मशीनवर बसल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुठली बायको जुगाराचे पैसे आपणहून मागते? वर विचारते, आज तीनशे नाही का लावणार? पाणी मुरतंय.

रविवार, २२ सप्टेंबर
एकच पडला. (तीन. दोन फालतू होते.)

बुधवार, २५ सप्टेंबर
हातगाडीवरून फ्रीजर आला. मोठा, पांढरा, कोरा. उरलेली मासळी संध्याकाळी मातीमोलाने द्यायची म्हणून अपोंडी वर्षभर रडत होती, आज अंगणात नाचली. पैसे कुठून आले विचारलं. भिशी लागली म्हणाली. आणि भिशीत काय भरत होतीस? साठवलेले म्हणाली. साठवायला हिच्याकडे उरतंच काय?

अपोंडीला मासळी देणारा होडीवाला ओडेरो हल्ली मला बघून हसतो. जेवलो नाही. (दोन मासे खाल्ले. फ्रीजरमधले नव्हते.)

शुक्रवार, २७ सप्टेंबर
मुद्दाम पाचशेची नोट दिली आणि छत्रीआड लपून मागे गेलो. एल्डर ओगुटूंनी दुकानातून आवाज दिला, अरे ओबुया, पाऊस कुठंय?

अपोंडी बेटिंगच्या दुकानावरून सरळ पुढे गेली. मानसुद्धा वळवली नाही. झाडाखाली भिशीच्या बायका बसल्या होत्या. माझी नोट त्यांच्या डब्यात गेली.

म्हणजे ओडेरो नाही! एवढं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग चिठ्ठी आठवली.

रविवार, २९ सप्टेंबर
काल चार पडले. तरी जाब विचारला. ती म्हणाली, लविनाचे बाबा, वर्षभरात तुमची एकही चिठ्ठी मी लावलेली नाही.

मी ओरडलो, अगं बाई, आणि लागली असती तर? दीड लाख कुठून आणले असतेस?

ती मासे साफ करत होती. म्हणाली, पहिल्या शनिवारी थोडी धाकधूक झाली होती.

असो. काउंटरवाला निर्दोष. शिवाय वर्षभर मी जुगार खेळलोच नाही, हे डीकनच्या निवडीत कामाला येईल. पण अपोंडीला अद्दल घडवायचीच. आता पैज लावीन ती तिच्याशीच, आणि जिंकून दीड लाख तिच्याकडूनच वसूल करीन. तसं तोंडावर सांगितलं.

ती म्हणाली, चालेल, भिशीचे हप्ते अजून भरायचेच आहेत. पुढच्या शनिवारी किती सामने?

दहा, म्हटलं.

म्हणाली, बारा घ्या ना.