वळण सांगायचं राहिलं

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

आलो एकदाचा! बदलीचा कागद हातात पडला तेव्हा मंचेरियलमध्ये सगळ्यांची तोंडं कडू झाली होती. बेला मंडल म्हणजे तेलंगणाचं टोक, पुढे पैनगंगा आणि पलीकडे महाराष्ट्र. तिथे काय दगड मोजायला चाललात, असं सासरेबुवा म्हणाले. मी मात्र खूश आहे. आधीच्या शाळेत माझा मराठीचा तास म्हणजे पोरांची जेवणानंतरची डुलकी होती. इथे अख्खी शाळा मराठी. पहिल्याच दिवशी पाचवीतल्या एका मुलीने मी मारतो का, हे आधीच विचारून घेतलं. नाही म्हटल्यावर वर्गात दंगा सुरू झाला, तो घंटेपर्यंत.

शाळा बेल्याला, खोली मिळाली आठ किलोमीटर आतल्या गावात. घरमालक उत्तमराव वांगी-मिरची पिकवतात आणि पहाटे आदिलाबादच्या बाजारात नेऊन विकतात. बायको वारली आहे. घरात ते आणि त्यांची आई, तुळजाबाई. सत्तरी ओलांडलेली, काटक, तोंडाने फटकळ. मी गाडीतून सामान काढत होतो तेव्हा तिने गाडीभोवती चक्कर मारली आणि बैलाच्या पाठीवर मारावी तशी टपावर थाप मारली. मग म्हणाली, मले बसवा. बसवलं. गावाबाहेर चक्कर मारून आणली. पुढची सीट दोन्ही हातांनी धरून ती मागे बसली होती आणि पोरीसारखी हसत होती. उतरल्यावर निकाल दिला: "गाडी चांगली हाय गुरुजी, पन तुमी लय पळवून राह्यले."

प्रगतीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, म्हातारी हुशार आहे. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बायकोला असं बोलायला जोर येतो. आमची प्रियदर्शनी दोन महिन्यांची होत आली. महिनाअखेर दोघींना इथे आणायचं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

रस्ता पाठ झाला. गावापासून बेल्यापर्यंत सतरा वळणं, दोन्हीकडे कापूस. समोर बैलगाडी नसेल तर बारा मिनिटांत पोचतो. नऊच्या आत मोबाईलसमोर चेहरा धरून हजेरी लावावी लागते. नऊ वाजून एक मिनिट झालं की तो चेहरा सरकारच्या ओळखीचा राहत नाही. त्यामुळे वळणावर ब्रेक मारत बसायला मला सवड नसते. खरं सांगायचं तर मला ते आवडतही नाही. वळणावर जो पाय उचलतो तो ड्रायव्हर कसला!

एकच कटकट आहे. नाल्याच्या वळणावर लोक डांबरावरच सोयाबीन पसरतात. वाळतंही आणि गाड्यांच्या चाकांखाली शेंगा फुटून मळणीही होते. कडेला दगड लावलेले असतात. त्यातला मोठा ढीग आमच्याच उत्तमरावांचा, शेत लागूनच आहे. मी तक्रार केली तर ते हसले. म्हणाले, इथली रीत हाय, तिथं गाडी मानसाच्या चालीनं न्यायची. "सोयाबीनवर गाडी चालत नाय गुरुजी, वाहते." मी म्हटलं, दहा वर्षं गाडी चालवतोय. ते उठून आत गेले. भाडेकरूला किती शिकवणार?

सोमवार, १३ ऑक्टोबर, दुपारची सुट्टी

सकाळी जरा गंमतच झाली. प्रियू पहिल्यांदा आवाज काढून हसली म्हणून प्रगतीने व्हिडिओ कॉल केला आणि मी बघतच बसलो. निघालो तेव्हा नवाला तेरा मिनिटं कमी होती. नाल्याच्या वळणावर ऐंशीच्या आसपास असेन. सोयाबीन दिसलं, पण तोवर चाकं त्याच्यावर होती. स्टीअरिंग फिरवलं तर नुसतंच फिरलं. गाडी आडवी झाली, मागचा भाग बाहेर गेला, कडेचे दगड उडाले. ढिगाजवळ गोधडीचं एक बोचकं पडलेलं होतं, ते डाव्या बाजूला लागलं. मग चाकांना डांबर सापडलं आणि गाडी आपोआप सरळ झाली.

थांबलो नाही. आरशात पाहिलं, कोणी नव्हतं. नऊला एक मिनिट असताना हजेरी लागली. बंपर डावीकडून तडकलाय, बाकी काही नाही. बोचकंच होतं.

आत्ता मुख्याध्यापक येऊन सांगून गेले की शाळा लवकर सोडायची आहे. नाल्याच्या वळणावर कोणाचातरी अपघात झालाय.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

बोचकं नव्हतं.

रानडुकरं सोयाबीन उधळतात म्हणून तुळजाबाई रात्री राखणीला तिथेच झोपली होती. अर्धी रात्र डुकरं हाकण्यात जायची, म्हणून सकाळी उशिरापर्यंत गोधडीत असायची. उत्तमराव बाजारातून परतले तेव्हा त्यांना सापडली. डॉक्टर म्हणाले, धडकेनंतर तासभर तरी जिवंत असावी. तासभर. तेव्हा मी तिसरीला बाराखडी शिकवत होतो.

मला सांगायला हवं होतं. काल संध्याकाळी अंगणात वीस माणसं होती आणि उत्तमराव माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तेव्हा सांगायला हवं होतं. नोकरी जाईल, तुरुंग होईल, प्रियू दोन महिन्यांची आहे, हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. तिची तासाभराची तडफड मात्र नंतर आली. मी असा माणूस आहे हे मला माहीत नव्हतं.

बंपरचं त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं, कुत्रं आडवं आलं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आज मी तुळजाबाईची राख पैनगंगेला नेली. गावात गाडी माझीच. उत्तमरावांनी हात जोडले. नाही कसं म्हणणार?

आमच्यात, बौद्धांत, असली रीत मी पाहिलेली नाही, पण ते म्हणाले की अपघाती मेलेल्या माणसाला वळणं सांगावी लागतात. बैलगाडीच्या काळापासूनची पद्धत आहे. ज्याच्या हाती कासरा, त्यानेच प्रत्येक वळणावर म्हणायचं, "माय, वळन आलं, धरून बस." म्हणजे जीव राखेबरोबर नदीपर्यंत येतो. एक जरी वळण सांगायचं राहिलं तरी जीव गाडीतून उतरत नाही. मडकं मागच्या सीटवर, डावीकडे, ती बसली होती तिथेच. उत्तमराव माझ्या शेजारी.

मी म्हटलं. मुलांना पाढे म्हणवतो तसं म्हटलं. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. अकरावं वळण नाल्याचं. दगड अजून विस्कटलेले. "माय" एवढंच म्हटलं, पुढचं सांगायचं राहिलं, आणि पाय ब्रेकवर जायच्या ऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला गेला. गाडी वेगात वळणातून बाहेर पडली. मागे मडकं सीटवर घसरलं. उत्तमरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मला दुःख झालं. माझा गुडघा थोपटून म्हणाले, जाऊ द्या गुरुजी, होते असं.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आदिलाबादला बंपर बदलायला गेलो. मेकॅनिकने गाडी खालून पाहिली आणि विचारलं, मागे डाव्या बाजूला काय वाहता? तिकडची स्प्रिंग दबलीय, टायर एका अंगाने घासलाय. काही नाही म्हटलं. तो म्हणाला, माणूसभर वजन तरी रोज बसतंय. चोराच्या मनात चांदणं, मी त्याच्याशी उगाच भांडलो.

परत येताना कळलं की पोलिसांनी देवानंदला नेलंय. हा कापसाचा टेम्पो चालवतो, सोमवारी पहाटे त्याच रस्त्याने गेला होता. रात्रभर जागा होता, वळणावर डुलकी लागली होती का, हे त्यालाच आठवत नाही. तो म्हणाला म्हणे, "माह्याच हातून झालं असल."

माझ्या गुन्ह्याला दुसऱ्याने हो म्हटलं. आणि मला हायसं वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण हेच सर्वांत वाईट आहे.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

सुट्टी आहे तरी गाडी काढली. खात्री करून घ्यायची होती. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही, बाबांनी मला तसं वाढवलेलं नाही.

तिसऱ्या वळणाच्या आधी मागून आवाज आला. अगदी साधा, घरातला.

"गुरुजी, वळन आलं. धरून बसा."

मागे कोणी नाही. सीट मात्र डावीकडे दबलेली, आणि तिच्यावर सोयाबीनचा भुसा. काल मी स्वतः झाडली होती.

बुधवार, २२ ऑक्टोबर

प्रत्येक वळणाला सांगते. रागाने नाही, हे कसं सहन करायचं? शिवी दिली असती तर बरं झालं असतं. काळजीने सांगते.

पण आज उशिरा सांगायला लागली. वळण अर्ध्यावर आल्यावर. मी तिची वाट पाहतो हे माझ्या लक्षात आलं. रस्ता दिसत असूनही हात तिच्या आवाजाशिवाय वळत नाहीत. दोनदा कडेला उतरलो.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

आज तिने सरळ रस्त्यावर सांगितलं.

नाकासमोर सरळ रस्ता, वळण नाही, काही नाही. मागून आवाज आला, वळन आलं, आणि माझ्या हातांनी स्टीअरिंग फिरवलं. गाडी कापसात घुसली. विजेचा खांब हातभर अंतरावर राहिला. वेचणाऱ्या बायका धावत आल्या. एकीने विचारलं, "काऊन गुरुजी, मांगच्या मावशीले लागलं तं नाय ना?"

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

सांगायला गेलो. उत्तमराव ओसरीवर बसले होते. तोंड उघडलं तर ते म्हणाले, "तुमी नसते तं मायची राख बी येळेवर गेली नसती." परत आलो.

ठाण्याबाहेर देवानंदची बायको डबा घेऊन उभी असते. रोज. मी रोज तिच्यासमोरून जातो.

शनिवार, २५ ऑक्टोबर

प्रगती उद्या येणार. नको म्हणालो. तिने कारण विचारलं. सांगता आलं नाही — गाडीत नको, रिक्षाने जाऊ, एवढंच म्हटलं — ती चिडली. दारात गाडी असताना दोन महिन्यांचं लेकरू घेऊन रिक्षाने? शेवटी गाडीच आणतो म्हणालो.

उद्या घरी पोचताच उत्तमरावांना सांगायचं. आधी ते. मग प्रगतीला. मग ठाणं. ठरलं.

रविवार, २६ ऑक्टोबर

रस्त्याच्या कडेला, पुलाच्या कठड्यावर बसून लिहितोय. नाल्याचं वळण दोनशे पावलांवर. गाडी मागे उभी आहे, प्रगती आणि प्रियू आत.

आदिलाबादला दोघींना गाडीत घेतलं, तेव्हापासून मागून आवाज नाही. एकाही वळणाला नाही. मी पंचवीसच्या वर गेलो नाही. प्रियू मात्र डावीकडच्या रिकाम्या जागेकडे बघून हसत होती — आवाज काढून — आणि प्रगती म्हणाली, बघा, हिला तुमची गाडी आवडली. मग बेला सोडून या पुलापर्यंत आल्यावर प्रगतीच म्हणाली, वळन आलं, धरून बसा. असं काय बोलतेस विचारलं तर हसली. म्हणाली, काय माहीत, जिभेवर आलं.

तिथेच थांबवली. चक्कर येतेय म्हणून खोटं सांगितलं. पुढे गाडी नेणार नाही. तोंडाने होत नाही तर लिहून देतो. हे पान फाडून उत्तमरावांच्या हातात —

उत्तमराव, तुमच्या आईला देवानंदने मारलं नाही. तेरा तारखेला सकाळी, नऊला काही मिनिटं असताना, मी, हर्षदीप —

प्रगती हाक मारतेय. ऊन लागतंय, प्रियू रडतेय, चक्कर येत असेल तर मी चालवते म्हणतेय. थांब म्हटलं. का, ते नाही सांगितलं. आधी हे पुरं —

मी, हर्षदीप, गाडी वेगात होती, सोयाबीनवर ताबा सुटला आणि मी थांबलो ना —

इंजिन सुरू झालं.

स्टीअरिंगवर प्रगती. मला हात करतेय. तिला वाटतंय प्रियूला ऊन लागू नये म्हणून पुढे सावलीत जाऊन — गाडी माझ्याजवळून गेली. वेगात. तिच्याही बापाने तिला वळणावर पाय उचलायला शिकवलं नाही. तिकडे सोयाबीन पसरलंय. तिला माहीत नाही. मी तिला काहीच सांगितलं नाही. काहीच —

प्रियू रडायची थांबलीय. तिला मागे झोपवलं असेल — पण मागच्या काचेतून तिचं डोकं दिसतंय. डावीकडे. उभी आहे. दोन महिन्यांचं पोर, कोणी मांडीवर धरल्याशिवाय उभं कसं —

प्रगती थांब, पुढे

प्र