बेसिनवरचा आरसा

रविवार, १५ जानेवारी १९९५, डोंबिवली

हळदीकुंकवाच्या काळ्या साडीवर ब्लाउजपीस हवा होता, म्हणून आज ह्यांना घेऊन स्टेशनजवळच्या प्लाझात गेले. काय ती अवकळा! निम्मी शटर बंद, जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या. इथे पूर्वी ते नावाजलेलं हॉटेल होतं, ठाण्याहून लोक डोसा खायला यायचे, हे आता सांगून कुणाला पटेल?

आमचं बघणं तिथेच झालं. गर्दीमुळे तिघं एकाच बाकावर: हे, मधे आमची ऐसपैस आत्या, मग मी. समोर हात धुवायचं बेसिन. हे सारखे त्या बेसिनवरच्या आरशात बघत होते. मुलगा स्वतःच्याच भांगावर खूश आहे, असं मी घरी येऊन आईला सांगितलं. तरी होकार दिला, का कोण जाणे! चौदा वर्षं त्या आरशावरून ह्यांना चिडवतेय. हे नुसते हसतात.

आज दुकानात मी स्टुलावर बसून रंग बघत होते, हे मागे उभे. समोर भिंतभर आरसा. "अहो, कुठला घेऊ?" म्हटलं, तर आरशातच बघत म्हणाले, "राणी कलर घे. तेव्हाही तोच नेसली होतीस."

तेव्हा? हो, राणी रंगाचीच साडी होती! पण हे तर माझ्याकडे एकदाही वळून...

अगं बाई! मधे आत्या होती ना. आरशातच दिसत असणार मी.

चौदा वर्षं, आणि एका शब्दाने बोलले नाहीत! राणी कलरच घेतला. पण आता ह्यांना चिडवू कशावरून?