खोक्यातली वाटी

दादा,

मांजरीच्या खोक्यात काल तीन वस्तू होत्या: टॉवेल, पाण्याची ताटली, औषधाची सिरिंज. आज चौथी आहे, वाटी. तिच्यात थोडं दूध उरलंय आणि फेस अजून मोडलेला नाही. म्हणजे धारेचं. धार तूच काढतोस.

काल आईसमोर केवढ्यानं ओरडलास, "भटक्या मांजराला सलाईन? म्हस हाय व्हय ती, दूध द्यायला?" आणि सकाळी गुपचूप तिलाच दूध पाजलंस! डॉक्टर म्हणाले होते, दूध अजिबात नको, जुलाब वाढून अंगातलं पाणी गेलं तर ती जगणार नाही. तेव्हा तू शेजारीच उभा होतास. म्हशीचं दूध पाजून पैलवान करायला ही काय तालीम आहे? जीव लावायचाच तर चारचौघांत लाव, म्हणजे वेळेत अडवता तरी येईल.

तिला पुन्हा जुलाब झालेत. मी दवाखान्यात नेतेय. सलाईन लागेलच, खर्चाचं नाव काढू नकोस. वाटी घासून ठेव.

निघताना तिला टोपलीसकट काट्यावर ठेवलं आणि टोपलीचं वजन वजा केलं. काल दोन किलो शंभर ग्रॅम भरली होती. आज एक किलो नऊशे वीस.