ब्रह्मदेशाच्या अर्ध्या राज्याची व्यवस्था

मी, जयंत विनायक टिळेकर, वय ६८, निवृत्त केमिकल इंजिनिअर, राहणार लुडविग्सहाफेन, जर्मनी, डोके ठिकाणावर आणि सौ. मनोरमा बाजारात असताना, कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात, त्याशिवाय पक्के वाटत नाही.

१. फ्लॅट व बँकेतील शिल्लक मनोरमेस. केलरमधले, म्हणजे तळघरातले, श्रीखंडाचे रिकामे डबेही तिलाच. ते फेकण्याचा अधिकार मला हयातीत मिळाला नाही.

२. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष हृषिकेश यांना काहीही देऊ नये. गणेशोत्सवासाठी मी मुद्दाम ब्रह्मदेशाच्या राजावर नाटक लिहिले. पेशवाईत चुका काढायला अर्धे मंडळ टपलेले असते, ब्रह्मदेशात कोण काढणार? हृषिकेशने काढल्या. तालमीला नकाशा घेऊन आला.

३. नाटकातले सिंहासन, म्हणजे सोनेरी रंगवलेला आमचा जुना सोफा. त्यावर मी राजा आणि माझा मुलगा मल्हार राजपुत्र, असे बापलेक मिळून राज्य करतो. वास्तविक मीच करतो. त्याच्या वाट्याला "जशी महाराजांची इच्छा" एवढेच. पण घरात हा मुलगा मराठीला जर्मनमध्ये उत्तर देतो. त्याच्या तोंडची मराठी मला फक्त त्या सोफ्यावर ऐकू येते.

गेल्या वर्षी मी भर दरबारात संवाद विसरलो. त्याने माझे सगळे संवाद कुजबुजून मला तारले, आणि पडदा पडताच म्हणाला, "बाबा, आल्झो, नेक्स्टेस यार ओने मिश." म्हणजे पुढच्या वर्षी तो नाही. मला जेवण गेले नाही.

सबब माझे अर्धे राज्य, मुकुट व सर्व संवाद मल्हारला. हे कलम माझ्या मृत्यूची वाट न पाहता येत्या प्रयोगापासून लागू. मला नाटकातल्या हत्तीचे मागचे पाय द्यावेत.

दुरुस्ती: वरील मजकूर मल्हारला वाचून दाखवला. तो फ्रिजमध्ये डोके घालून उभा होता. म्हणाला, "हत्तीत वाकून तुमची कंबर धरेल, बाबा. बसा माझ्या शेजारी. फक्त मधेमधे बोलू नका."

मराठीत बोलला. घरात, मेकअपशिवाय.

हत्तीचे पाय रद्द. मी गप्प बसायला तयार आहे. मनोरमेचा यावर विश्वास बसणार नाही.

(सही) जयंत वि. टिळेकर

साक्षीदार:
१. ऊर्मिला दातार, प्रॉम्प्टर
२. पुष्कर वाघोलीकर, हत्तीचे पुढचे पाय

लुडविग्सहाफेन, १६ ऑगस्ट २०२५